औषध दिसलं की तोंडाला कुलूप! (वय सव्वादोन, वजन ११ किलो, कानाचं इन्फेक्शन)

चिमणचारा | मंगळवार, रात्री ११:५२

लेक आत्ता झोपलीय. माझ्या बाहीवर, चादरीवर आणि का कोण जाणे, पंख्याच्या रेग्युलेटरवरसुद्धा पांढरट चिकट औषध आहे. पुसायचं त्राण नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

रविवारी रात्री कान धरून रडत होती. सोमवारी डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं, पडदा लाल झालाय, सात दिवस अँटिबायोटिक. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं, बाटलीतल्या पावडरीत पाणी घालून करतात ते. दिवसातून दोनदा ६ मिली. शिवाय ताप चढला तर पॅरासिटामॉल ७ मिली.

आत्तापर्यंत तीन डोस झाले, म्हणजे व्हायला हवे होते.

पहिला चमच्याने. अर्धा आत गेला, अर्धा फुर्रर्र.

दुसरा सिरिंजने. ती बघूनच किंचाळायला लागली. नवऱ्याने हात धरले, मी पाय, सासूबाईंनी डोकं. औषध गेलं. पाच मिनिटांनी सगळं बाहेर, नाश्त्यासकट.

तिसरा आज रात्री. मी शहाणपणा केला आणि वरणभातात कालवलं. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबली आणि घरातल्याच माणसाने दगा दिल्यावर बघावं तसं माझ्याकडे बघितलं. नंतर साधा वरणभात दिला तर तोही हुंगून बाजूला सारला. आमच्या घरातला एकुलता एक भरवशाचा पदार्थ होता हो तो!

अजून पाच-सहा दिवस काढायचेत. सिरिंज, चमचा, ड्रॉपर, औषधाचं टोपण, सगळं करून झालं. काय करता तुम्ही लोक? आणि उलटीतून गेलेला डोस पुन्हा द्यायचा असतो का?

उनाडपाखरू | मंगळवार, रात्री ११:५९

वरणभाताला भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्याकडे असंच करून पोळी-शिकरण बाद झालं होतं. दीड महिना केळ्याचं नाव काढता येत नव्हतं.

श्रीखंड! औषधाआधी चमच्याच्या टोकावर श्रीखंड चाटवायचं, लगेच औषध, लगेच पुन्हा श्रीखंड. जिभेवर थर बसतो, कडूपणा कमी लागतो. औषध श्रीखंडात कालवायचं मात्र नाही, नाहीतर तेही जाईल. पाडव्याला काय खाल मग?

कोकणकन्या_एक्सप्रेस | बुधवार, पहाटे ५:४०

आमचा मुलगा औषधाआधी बर्फाचा तुकडा चोखतो (रुमालात गुंडाळून माझ्या हातात धरलेला, सुटा नाही). जीभ गार पडली की चव कळत नाही म्हणे. कान दुखत असताना चालेल का माहीत नाही, डॉक्टरांना विचार.

रोखठोक | बुधवार, सकाळी ७:१५

हल्लीच्या आईबापांची कमाल वाटते. अडीच फुटाचं पोर आणि तीन मोठी माणसं! आमच्या वेळी आई दोन गुडघ्यांत धरायची, नाक दाबायची, तोंड उघडलं की चमचा आत. अर्ध्या मिनिटाचं काम. पाच भावंडं अशीच वाढलो, कुणाला काही झालं नाही.

खलबत्ता | बुधवार, सकाळी ८:०५

माझं सांगलीत मेडिकल दुकान आहे, १८ वर्षं झाली. गल्ल्यावर बसून रोज हेच ऐकतो.

चिमणचारा, आधी एक साधं गणित. तुमच्या बाटलीवर काय आकडा आहे ते बघा. ६ मिली सांगितलंय त्या अर्थी २२८.५ असेल, म्हणजे ५ मिलीत २०० मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. याच औषधाची ४५७ ची बाटली मिळते, ४०० आणि ५७. दोन्ही औषधांचं प्रमाण तेच, ताकद दुप्पट. म्हणजे ६ मिलीच्या जागी ३ मिली. सात दिवसांच्या लढाईत हा फरक किती मोठा ते तुम्हीच सांगा. पण हे मी गल्ल्यावरून बदलून देणार नाही आणि तुम्हीही घरी ठरवायचं नाही. डॉक्टरांना फोन करा, त्यांना नवीन चिठ्ठी लिहून द्यायला सांगा. पोर घेत नाही हे त्यांना कळवल्याशिवाय कसं कळणार? बरेच पालक लाजतात आणि अर्धा कोर्स बेसिनमध्ये जातो.

पॅरासिटामॉलचंही तसंच. ७ मिली म्हणजे ५ मिलीत १२० मिलीग्रॅमवालं. २५० चं सिरप घेतलं तर त्याच डोसला साडेतीन मिलीच्या आसपास पुरतं. आणि इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. तान्ह्या बाळांचे थेंब असतात ते १ मिलीत १०० मिलीग्रॅम. १२० चं सिरप १ मिलीत फक्त २४. आधीच्या भावंडाची थेंबांची बाटली घरात होती, तिच्यातून सिरपच्या मापाने दिलं, तर डोस चौपट होतो. बाटली बदलली की माप बदलतं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर त्रास लिव्हरला होतो, आणि पहिल्या दिवशी पोर ठणठणीत दिसतं.

उलटीचं: दिल्यावर १०-१५ मिनिटांत सगळं बाहेर आलं तर साधारणपणे पुन्हा देतात, अर्धा-पाऊण तास होऊन गेला असेल तर सहसा नाही. मधलं काही असेल तर डॉक्टरांना विचारायचं. पॅरासिटामॉल अंदाजाने दुसऱ्यांदा देऊ नका.

हे औषध जेवणाच्या सुरुवातीला द्या, पोटाला कमी लागतं. शी पातळ होईल थोडी, घाबरू नका, पण फारच पाणी झालं तर कळवा.

उनाडपाखरू | बुधवार, सकाळी ८:२०

खलबत्ता, वाचनखूण साठवली. दादा, मग श्रीखंड चालेल ना?

खलबत्ता | बुधवार, सकाळी ८:३१

या औषधाबरोबर चालेल. काही अँटिबायोटिक दूध-दह्याबरोबर चालत नाहीत, लोहाचं औषधही नाही. नवीन चिठ्ठी आली की मेडिकलमध्ये एवढा एक प्रश्न विचारायचा. आम्ही फुकट सांगतो.

अजून एक. पाणी घालताना आधी अर्धं पाणी घालून हलवायचं, फेस खाली बसू द्यायचा, मग रेषेपर्यंत भरायचं. फेसालाच पाणी समजून रेष गाठतात लोक, मग औषध घट्ट होतं आणि चव आणखी वाईट. तयार केलेलं फ्रिजमध्ये, ७ दिवस. मग ओतून द्यायचं. पुढच्या सर्दीला "शिल्लक आहे ना" म्हणून काढायचं नाही.

सिस्टरबाई | बुधवार, सकाळी ९:४८

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स. रोखठोक, तुमच्या आईंबद्दल आदर ठेवून लिहिते.

नाक दाबलं की पोर तोंडाने श्वास ओढतं. तेव्हाच तोंडात औषध असलं तर ते श्वासाबरोबर श्वासनलिकेत जातं. बहुतेकदा ठसका लागून बाहेर येतं, म्हणून "काही झालं नाही" असं वाटतं. तेलकट औषध फुफ्फुसात गेलं तर मात्र न्यूमोनिया होतो. माझ्या नोकरीत अशी दोन पोरं पाहिली, दोघांना घरी आडवं धरून तेल पाजलं होतं. त्यातल्या एकाच्या आजीचा चेहरा मी विसरले नाही. त्या बाईने काही वाईट केलं नव्हतं, तिच्या आईने केलं तेच केलं होतं.

द्यायची पद्धत अशी. पोर मांडीवर बसलेलं हवं, आडवं नाही, मान मागे टाकलेली नाही. सिरिंजचं टोक गालाच्या आत, दाढेच्या बाजूला. अर्धा मिली सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. जिभेच्या मधोमध सोडलं की थुंकतं, घशाकडे मारलं की ओकारी येते. रडत असताना, किंचाळत असताना, हसतानासुद्धा नाही.

आता चिमणचारा, तुला एक विचारते. पोरगी नक्की कशाला नाही म्हणतेय? चवीला, सिरिंजला, की धरून ठेवण्याला? तू लिहिलंयस "ती बघूनच किंचाळायला लागली". चव तर तोंडात गेल्यावर कळते ना? आज एक कर. सिरिंजमध्ये साधं पाणी घे आणि समोर धर. काय होतं ते सांग.

रोखठोक | बुधवार, सकाळी १०:३०

सिस्टर, तुमचा मुद्दा लक्षात आला. न्यूमोनियाचं माहीत नव्हतं. बाकी हल्लीची पोरं लाडावलेली आहेत हे मत कायम.

नेकारकाठ | बुधवार, दुपारी १:१०

स्टुटगार्टहून. इथे तापाला लहान मुलांना सर्रास खालून औषध देतात, मेणबत्तीच्या टोकासारखी छोटी कांडी. पॅरासिटामॉलची ७५, १२५, २५० अशा मापांत मिळते. पहिल्यांदा अपोथेकेत, म्हणजे इथल्या मेडिकलमध्ये, बाईने हातात ठेवली तेव्हा मी गोळी समजून "पाण्याबरोबर का?" असं विचारलं होतं. ती बिचारी हसू आवरत होती. आता माझी आई इथे आली की घाबरते, "पुन्हा ते शेपटीकडचं औषध काढू नकोस."

पण तापात तोंडातून काहीच राहत नाही तेव्हा खरंच देवासारखं आहे. भारतात मिळतं का?

खलबत्ता | बुधवार, दुपारी १:२५

मिळतं. ८०, १७० अशा मापांत, फ्रिजमध्ये ठेवतो. दहातली नऊ माणसं "नको, ते कसंतरीच वाटतं" म्हणून परत देतात. वजनावर माप ठरतं, डॉक्टरांना विचारून घ्या. आणि तोंडातून दिलेलं व खालून दिलेलं मिळून हिशोब एकच धरायचा, दोन वेगळी औषधं नाहीत ती.

बटाटेवडा | बुधवार, दुपारी २:०२

एवढी चर्चा कशाला? तापाचं ते दुसरं सिरप येतं ना, गोड, मेफेनॅमिकवालं, आमचा बंड्या बाटली चाटतो. आणि सर्दी-खोकल्याचं लाल औषध दिलं की पोर शांत झोपतं, आईबापही झोपतात.

खलबत्ता | बुधवार, दुपारी २:४०

बटाटेवडा, राग मानू नका, पण या दोन ओळींनी माझा चहा गार झाला.

एक. पावसाळा आहे, डेंगीचे दिवस. नुसता ताप आहे आणि कारण कळलेलं नाही अशा वेळी मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका. डेंगी असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलच.

दोन. झोप येण्यासाठी खोकल्याचं औषध? क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन असलेलं सर्दीचं मिश्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं बाटलीवरच छापायला डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलंय. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याला काय झालं ते आठवा. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, किडन्या गेल्या, २० हून अधिक लेकरं गेली. त्यातल्या कितीतरी जणांना नागपूरला आणलं होतं. ते विष चवीला गोड असतं. पोर बाटली चाटतंय म्हणजे औषध चांगलं, असा हिशोब करू नका.

बटाटेवडा | बुधवार, दुपारी २:५५

बाप रे. बाटली फेकली.

चिमणचारा | बुधवार, रात्री १०:१८

सिस्टरबाई, तुमच्या पाया पडते.

संध्याकाळी सिरिंजमध्ये नुसतं पाणी घेतलं आणि समोर धरली. "टुच नको! टुच नको!" करत सोफ्यामागे जाऊन बसली. पाणी आहे बाळा, पाणी, बघ मी पिते. मी पिऊन दाखवलं तर माझ्यासाठी रडायला लागली, "आईला टुच."

मग डोक्यात प्रकाश पडला. दीड वर्षाच्या लशी झाल्या तेव्हापासून ती इंजेक्शनला टुच म्हणते. आणि आमच्या घरात जेवली नाही तर टुच, झोपली नाही तर टुच, गॅलरीच्या गजांवर चढली तर डॉक्टरकाका येऊन टुच. सासूबाई म्हणतात, खोटं कशाला बोलू, मीही म्हणते. सुई नसलेली सिरिंज तिला कशी कळणार? आणि वर तिघांनी धरून ठेवायचं, म्हणजे अगदी लशीच्या दिवसासारखं.

सासूबाई ऐकून गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं गं." मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांशी बोलले. ४५७ चं लिहून दिलं, आता ३ मिली. आज संध्याकाळपासून धरून १० डोस उरलेत आणि बाटली बरोबर ३० मिलीची. सांडायला थेंबाची सोय नाही!

आजचा डोस कसा गेला ते सांगते, पण आधी जेवते.

उनाडपाखरू | बुधवार, रात्री १०:२१

ही काय मालिका आहे का! सांग की!

चिमणचारा | बुधवार, रात्री ११:०५

सांगते, सांगते. सासूबाईंना बोंडलं आठवलं, तान्ह्या बाळांना पाजायचं ते चोचीचं भांडं. नवऱ्याच्या बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं कपाटातून निघालं, चिंचेने घासलं. औषध स्वयंपाकघरात सिरिंजने मोजून त्यात ओतलं. लेकीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "बाळाचं." मी बाळ नाही, असा तिचा सध्याचा बाणा आहे, शेजारचा सहा महिन्यांचा पार्थू बाळ आहे.

मग भातुकली काढली. स्टीलचा एवढासा पेला, अंगठ्याएवढा. त्यात औषध. तिच्या हातात दिला. बाहुलीला रिकाम्या पेल्यातून आधी पाजलं, तिचं तोंड पुसलं, मग स्वतः घेतलं. तोंड असं काही वाकडं केलं, अंग शहारलं, पण गिळलं! पेल्याला चिकटलेलं राहू नये म्हणून चमचाभर पाणी घालून तेही प्यायला लावलं. मग श्रीखंड. कुणीही तिला धरलं नव्हतं.

मला रडूच आलं. हसा हवं तर.

सिस्टरबाई | गुरुवार, सकाळी ६:५०

कोण हसेल. मोजून ओतलंस आणि पेला विसळून दिलास, हे चांगलं केलंस. लोक चमच्याने अंदाजाने देतात. घरातले चार चहाचे चमचे घेऊन सिरिंजने पाणी मोजून बघा, चौघांचं माप वेगळं निघेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी स्वतः नर्स असून माझ्या लेकाला "गप्प बस, नाहीतर माझ्या दवाखान्यात नेईन" असं म्हणायची. तो आता चाळिशीचा आहे, अजून रक्त तपासायला जायचं म्हटलं की कामं निघतात त्याला.

अंगणवाडीतली गंमत सांगते. फेब्रुवारीत १० तारखेला जंताची गोळी असायची, अल्बेंडाझॉल. एक ते दोन वर्षांच्या पोरांना अर्धी, त्याहून मोठ्यांना अख्खी. लहानग्यांना चुरून पाण्यात. जीवनसत्त्व अ चा डोस असायचा, नवव्या महिन्यात पहिला, दीड वर्षाच्या सुमारास दुसरा, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. घरी थैमान घालणारं पोर तिथे मुकाट घ्यायचं. रांगेत पुढच्याने घेतलं, जीभ बाहेर काढून दाखवली, बाईंनी "शाब्बास" म्हटलं, की मागच्याला आपला नंबर कधी येतो असं व्हायचं. बाहुलीने आधी घेतलं म्हणून तुझीने घेतलं ते काही वेगळं नाही.

खलबत्ता | गुरुवार, सकाळी ८:१०

भातुकली स्टीलची आहे तोवर ठीक. पितळ-तांब्याची असेल तर औषध त्यात नको.

आळशी_बाबा | गुरुवार, सकाळी ११:२०

माझा अनुभव. लेक तीन वर्षांचा, गाड्यांचं वेड. आमच्याकडे सिरिंज म्हणजे पेट्रोल पंप. तो गाडी लावतो (खुर्चीत बसतो), टाकीचं झाकण उघडतो (तोंड). मी विचारतो, "किती टाकू साहेब?" तो म्हणतो, "फुल." मग मी म्हणतो, "झिरो बघा साहेब," आणि तो सिरिंजवरचे आकडे गंभीरपणे बघतो. झिरो बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. एकदा बायको झिरो दाखवायला विसरली तर पठ्ठ्याने गाडी पंपावरून काढून नेली.

चिमणचाराच्या लेकीला सिरिंजची भीती आहे, तर आधी आंघोळीच्या बादलीत रिकामी सिरिंज खेळायला दे. पाणी ओढायचं, बाबावर उडवायचं. औषधाच्या वेळी नाही, एरवी.

धांदरट_मावशी | गुरुवार, दुपारी ४:४५

खेळ ठीक, पण कृपा करून औषधाला चॉकलेट, खाऊ म्हणू नका. माझ्या बहिणीच्या मुलाला "चॉकलेटवालं पाणी" म्हणून टॉनिक द्यायचे. एका दुपारी सगळे झोपलेले असताना त्याने स्टूल लावून अर्धी बाटली संपवली. त्यात लोह होतं. रात्रभर हॉस्पिटलमध्ये सलाइन. वाचला, पण बहीण अजून दचकून उठते. लोहाचं औषध लहान मुलांना भलतंच धोक्याचं असतं हे तिथे कळलं. औषधाला औषधच म्हणायचं, आणि कुलपात ठेवायचं.

रोखठोक | गुरुवार, रात्री ९:३५

आज सकाळपासून हा धागा डोक्यात आहे. दर महिन्याला एका रविवारी एरंडेल असायचं. मी काल "अर्ध्या मिनिटाचं काम" असं लिहिलं. ते आईच्या बाजूने अर्ध्या मिनिटाचं. आम्ही भावंडं शनिवारी संध्याकाळपासूनच माळ्यावर जागा शोधत असू. वय ६४, अजूनही गाडीच्या गॅरेजात वंगणाचा वास आला की पोटात ढवळतं. एवढंच सांगायचं होतं.

नेकारकाठ | गुरुवार, रात्री ९:५०

रोखठोक, माळ्यावर सापडायचात का मग?

रोखठोक | गुरुवार, रात्री ९:५८

दर वेळी. धाकटी शिंकायची.

कोकणकन्या_एक्सप्रेस | शुक्रवार, सकाळी १०:१२

जुलाबांच्या वेळची झिंकची गोळी कशी देता? १४ दिवस सांगितलीय, पाण्यात विरघळवून. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले आणि त्याला ती चव अजिबात नको. बंद केली तर?

सिस्टरबाई | शुक्रवार, सकाळी ११:३०

बंद करू नकोस. झिंक आत्ताच्या जुलाबांपुरतं नसतं, पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लवकर होऊ नयेत म्हणून १४ दिवस. चमचाभरच पाण्यात विरघळव, वाटीभर पाण्यात घातलं तर वाटीभर नको म्हणेल. अंगावर पिणारं असेल तर आईच्या दुधात विरघळवूनही चालतं. धातूसारखी चव तोंडात रेंगाळते, वरून घोटभर पाणी दे.

आणि दुधाच्या बाटलीत औषध घालू नका कुणी. अर्धी बाटली टाकली तर औषध किती गेलं ते देवालाही सांगता येत नाही, आणि वरणभातासारखं दूधही सुटतं.

चिमणचारा | शनिवार, रात्री १०:४०

हालहवाल: सातपैकी सहा डोस पूर्ण आत. एका सकाळी तिने भातुकलीचा पेला उलटा करून बाहुलीच्या डोक्यावर ओतला, म्हणजे सहाला एक गालबोट. बाहुलीला आंघोळ घातली. त्याआधी अर्ध्याहून जास्त पोटात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले कोर्सच्या शेवटी बाटली कमी पडली तर सांगा, बघू. ताप गुरुवारीच उतरला, कान धरत नाही.

आणि आळशी_बाबा, तुमचा पेट्रोल पंप! दोन दिवस बादलीत सिरिंज खेळली. आज नवऱ्याने स्कूटीवर नेऊन खरा पंप दाखवून आणला. घरी आल्यावर तिने स्वतः सिरिंज आणून दिली, ट्रायसिकलवर बसली आणि आ केला. गालाच्या बाजूने, अर्धा-अर्धा मिली, सिस्टरबाईंनी सांगितलं तसं. मध्येच तोंड मिटून म्हणाली, "जिलो बग." म्हणजे मी बघायचं होतं. बघितलं.

घरात टुच हा शब्द बंद झालाय. सासूबाईंनी स्वतः जाहीर केलं. चुकून तोंडातून निघाला तर त्या स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेतात, आणि लेक तेही खेळ समजून खदाखदा हसते.

वरणभात अजून नाही. आज तूप-मेतकूट भात खाल्ला, तोही हुंगून.

उनाडपाखरू | शनिवार, रात्री १०:४४

वरणभात येईल परत. आमची शिकरण आली.

आळशी_बाबा | शनिवार, रात्री ११:१५

पंपाची रॉयल्टी म्हणून वाटीभर श्रीखंड पाठवून द्या.

चिमणचारा | सोमवार, दुपारी १२:०५

आज सकाळी शेवटचा डोस. बाटली दहा मिनिटं उपडी धरून ठेवली तेव्हा जेमतेम ३ मिली भरलं. २२८.५ ची जुनी बाटली ओतून दिली, खलबत्तादादा. डॉक्टरांनी कान बघितला, पडदा ठीक आहे. पण रक्त जरा कमी वाटतंय, पुढच्या महिन्यापासून लोहाचे थेंब सुरू करू म्हणाले. म्हणजे पुढचा धागा काढावा लागणार.

खलबत्ता | सोमवार, दुपारी १२:३०

नवीन कशाला, इथेच घ्या. थेंब दातांवर पडले की काळे डाग धरतात, म्हणून गालात मागे सोडायचे आणि वरून पाणी. दूध-चहाबरोबर नाही, लिंबाच्या सरबताबरोबर चांगलं लागू पडतं. शी काळी होते, ते बघून मला रात्री फोन करू नका. आणि बाटली कुलपात, मावशींनी लिहिलंय तसं.

चिमणचारा | मंगळवार, सकाळी ९:२०

आज सासूबाई बीपीची गोळी घ्यायची टाळत होत्या, "घेते गं नंतर" चाललं होतं. लेक आतून रिकामी सिरिंज आणि भातुकलीतला पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"आजी, आ कल. जिलो बग."

सासूबाईंनी चष्मा लावून झिरो बघितला.